एकट्याने कुणी वेगवान होत नाही

शाळेच्या क्रीडामहोत्सवात पाहुणे माइकपाशी येतात आणि चार वाक्यं झाली की ते वाक्य येतंच: “मुलांनो, तुमची स्पर्धा दुसऱ्या कुणाशी नाही, स्वतःशीच आहे.” टाळ्या पडतात. पुढे हेच वाक्य मॅरेथॉनच्या टी-शर्टवर आणि व्यायामशाळेच्या भिंतीवर दिसतं. अंतिम फेरी हुकलेल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून सरही तेच म्हणतात. हेतू चांगला असतो. तरीही मैदानी खेळांपुरतं बोलायचं तर हे वाक्य उथळ आहे, आणि ज्याला मनापासून सुधारायचं आहे त्या खेळाडूचं ते नुकसान करतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सुधारणा खेळाडूच्या अंगात होते, पण ती त्याला एकट्याला करता येत नाही. आपण सुधारलो का, हे कळायला सगळ्यांनी मान्य केलेलं माप लागतं. कुठे सुधारायचं, हे कळायला दुसऱ्याची नजर लागते. आणि अंगात साठलेला वेग प्रत्यक्ष शर्यतीत उतरायला पुढे पळणारं कुणीतरी लागतं. या तिन्ही गोष्टी बाहेरून येतात. ‘पर्सनल बेस्ट’ या शब्दातला ‘पर्सनल’ आपण वाजवीपेक्षा जास्त खरा मानला आहे. हे तीन टप्पे एकेक करून मांडतो, मग आक्षेपांकडे येतो.

१. माप आपलं नसतं

कुस्तीत समोरच्याला चीतपट केलं की जिंकलात. किती चांगले लढलात याचा आकडा निघत नाही. धावणं, उड्या आणि फेकी यांत तो निघतो, आणि सातारच्या मुलीचा आकडा टोकियोतल्या मुलीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. म्हणून ‘स्वतःशी स्पर्धा’ ही कल्पना इथे पटकन रुजते. आजचा आकडा माझा, कालचाही माझाच, मग त्यात तिसऱ्याचं काय काम?

आकडा खरा ठेवणं हे तिसऱ्याचं काम. ४०० मीटरचा ट्रॅक आतल्या कडेवर मोजत नाहीत. पहिल्या लेनमध्ये उंच कड असेल तर कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात, कारण धावणाऱ्याची पावलं साधारण तिथे पडतात. कुणी फक्की मारताना आतल्या रेषेवरच टेप धरून ४०० मीटर भरले, तर पोरं दर फेरीला जवळपास १.९ मीटर जास्त पळतात आणि १५०० मीटरला सात मीटर. वाऱ्याचंही तसंच. १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि तिहेरी उडीत पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर ती कामगिरी विक्रमात धरत नाहीत. हाताने घेतलेली १०० मीटरची वेळ विजेच्या घड्याळाशी ताडायची तर त्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची रीत आहे, कारण पिस्तुलाचा आवाज ऐकून बोट दाबलं जाईपर्यंत तेवढा वेळ निसटून गेलेला असतो.

हे माझ्या अंगावर बेतलेलं आहे. कॉलेजात मी १५०० मीटर पळायचो. गावाकडच्या मैदानावर माझी वेळ सतत ४ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास यायची, ती मी वहीत लिहायचो आणि मनातून फुलायचो. पहिल्यांदा सिंथेटिक ट्रॅकवर उतरलो तेव्हा ४:२९ लागली. परत येऊन मैदानाची फेरी टेपने मोजली, ती ३८८ मीटर भरली. वर्षभर मी मनापासून मेहनत केली होती. वही मात्र पहिल्या पानापासून खोटी होती.

कुणी म्हणेल, मैदान तेच होतं, तर मागच्या महिन्याशी असलेला फरक तरी खरा होता ना? तोही पुरता खरा नव्हता. मित्र घड्याळ कधी माझा पाय रेषेवर पडल्यावर थांबवायचा, कधी छाती पोचल्यावर. कधी वारा पाठीशी असायचा. पहिली दोन वर्षं सरली की १५०० मीटरमध्ये वर्षाला दोनतीन सेकंदांची सुधारणा ही मोठी गोष्ट असते, आणि असल्या मोजणीत दोनतीन सेकंद कुठेही लपतात. स्वतःशी स्पर्धा करायलाही पंच लागतो, आणि तो पंच आपण असून चालत नाही.

२. अंगाची साक्ष अपुरी पडते

“माझं शरीर मला कळतं,” हे वाक्य खेळाडू फार लवकर बोलायला लागतात. शरीर बोलतं हे खरं. पण श्रम आणि सुधारणा यांतला फरक त्याला सांगता येत नाही. हलक्या धावण्याच्या दिवशी पोरगं जोरात पळून येतं, कारण घाम गळला की मेहनत झाली असं अंग सांगतं. दुसऱ्या दिवशी ४०० मीटरच्या रिपीट्समध्ये पाय उचलत नाहीत. ताकद सरावात येत नाही. सरावाने मोडलेलं अंग विश्रांतीत पुन्हा जुळतं तेव्हा येते. हे पुस्तकात वाचूनही सोळाव्या वर्षी पटत नाही. “आज बस,” असं दटावणारं कुणीतरी ट्रॅकच्या कडेला उभं असावं लागतं.

३००० मीटर स्टीपलचेसचा पाण्याचा अडथळा जवळून पाहिला तर हे स्पष्ट दिसतं. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, त्यापुढे ३.६६ मीटर लांबीचं पाणी, आणि शर्यतीत असा अडथळा सात वेळा येतो. जाणकार धावपटू एक पाय लाकडावर टेकवतो, लोटून पुढे झेपावतो, दुसरा पाय पाण्याच्या उथळ टोकाला पडतो आणि तिथूनच तो पुढचं पाऊल काढतो. पाचव्या-सहाव्या वेळेला मात्र गडबड होते. अडथळ्याच्या दहा मीटर आधी पावलं बारीक होतात, लाकडावर चढायला अर्धा क्षण जातो, उडी आखूड पडते आणि दोन्ही पाय पाण्यात. धावणाऱ्याला विचारा, तो सांगेल, “थकलो होतो.” कडेला बसलेला कोच सांगेल, “डावा पाय आला म्हणून घाबरलास. दोन्ही पायांवर घ्यायला शीक.” दोघंही खरं बोलत असतात. उपयोगी पडतं ते दुसऱ्याचं बोलणं.

याहून मोठी गोष्ट भारताचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे याच्या बाबतीत घडली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. शेतकऱ्याचं घर. बारावीनंतर तो लष्करात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटातही. लष्करातल्या क्रॉसकंट्रीतून तो पळायला लागला आणि स्वतःला क्रॉसकंट्रीचाच धावपटू समजत होता. त्याला स्टीपलचेसकडे वळवलं ते लष्कराचे कोच अमरीश कुमार यांनी. साबळे स्वतःशीच स्पर्धा करत राहिला असता, तर तो आणखी चांगला क्रॉसकंट्री धावपटू झाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. कुणाशी स्पर्धा करायची तो ‘स्व’च अपुरा होता. आपल्यात काय आहे, हे पुष्कळदा आधी दुसऱ्याला दिसतं.

३. पुढे पळणारी पाठ

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

साबळेने २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटं २९.८० सेकंदांत शर्यत पूर्ण करून गोपाल सैनींचा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम मोडला. सैनींनी तो १९८१ मध्ये टोकियोत केला होता. ३७ वर्षं त्याला धक्का लागला नव्हता. त्यानंतर साबळेने हा विक्रम पुन्हा पुन्हा सुधारला आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ वर आणला. भुवनेश्वरचा साबळे आणि पॅरिसचा साबळे एकाच शर्यतीत पळाले असते, तर पॅरिसवाला रेषा ओलांडताना भुवनेश्वरवाला सुमारे ११७ मीटर मागे असता, म्हणजे समोरची सरळ रेषासुद्धा त्याला अजून लागायची होती. स्वतःशी स्पर्धेचं याहून चांगलं उदाहरण कुठे मिळेल, असं वाटेल.

म्हणूनच ते उलगडून पाहू. सैनींच्या विक्रमापासून पॅरिसपर्यंत एकूण २०.९७ सेकंद कमी झाले. साबळेने देशात चार वेळा विक्रम केला: २०१८ मध्ये भुवनेश्वर, २०१९ आणि २०२१ मध्ये पतियाळा, २०२२ मध्ये तिरुवनंतपुरम. या चार शर्यतींत मिळून त्याने विक्रमातून ५.०२ सेकंद काढले. उरलेले १५.९५ सेकंद देशाबाहेर निघाले. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत हीटमध्ये ८:२५.२३ आणि अंतिम फेरीत ८:२१.३७, टोकियो ऑलिंपिकच्या हीटमध्ये ८:१८.१२, २०२२ मध्ये रबात डायमंड लीगमध्ये ८:१२.४८, त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२०, आणि शेवटी पॅरिस. सुधारणेचा तीन चतुर्थांश भाग अशा शर्यतींत झाला जिथे त्याच्या पुढे माणसं पळत होती.

त्या शर्यतींत त्याचा क्रमांक काय होता तेही बघा. दोहात तेरावा, टोकियोत हीटमध्ये सातवा आणि अंतिम फेरीबाहेर, रबातला पाचवा, पॅरिसला सहावा. देशात जिंकताना वेळ एकदोन सेकंदांनी उतरायची. परदेशात हरताना ती सव्वा ते जवळपास चार सेकंदांनी उतरली. पॅरिसला ती शर्यत इथिओपियाच्या अब्राहम सिमेने ८:०२.३६ मध्ये जिंकली. साबळे त्याच्या साडेसात सेकंद मागे होता आणि त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात वेगवान धाव होती. बर्मिंगहॅमला केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५ मध्ये पोचला, साबळे ०.०५ सेकंद मागे, म्हणजे अंतराने जेमतेम एक फूट. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या धावपटूला मिळालेलं ते पहिलं राष्ट्रकुल पदक होतं. किबिवोट पुढे नसता तर सुवर्ण मिळालं असतं हे खरं. शेवटच्या फेरीत साबळे तसा पळाला असता का, याचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

या हिशेबात इतर कारणंही मिसळलेली आहेत, ते लपवत नाही. त्याने परदेशी उंचावरच्या ठिकाणी सराव केला, स्पाइक्समधला फोम बदलला, वय आणि अनुभव वाढला. पण हे सगळं घेऊन तो देशातही पळतच होता. देशातल्या शर्यतीत बहुतेक वेळा पहिल्या काही फेऱ्यांनंतर त्याच्यापुढे मोकळा ट्रॅक असायचा.

मोकळ्या ट्रॅकवर होतं काय? पुढे पळणाऱ्याच्या पाठीवर नजर ठेवून धावताना वेग ठरवायचं ओझं आपल्यावर नसतं. वाराही थोडा अडतो. सहाव्या फेरीत जेव्हा अंग “जरा सोड” म्हणतं, तेव्हा समोरच्या पाठीशी असलेलं दोन मीटरचं अंतर तीन झालेलं डोळ्यांना दिसतं आणि पाय आपोआप ते भरून काढतात. एकटा धावणारा त्याच क्षणी अर्धा सेकंद सोडतो आणि सोडल्याचं त्याला कळतही नाही.

प्रेरणादायी भाषणांतली रॉजर बॅनिस्टरची गोष्टसुद्धा यासाठी पुन्हा सांगायला हवी. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला त्याने एक मैल ३:५९.४ मध्ये पार केला. ‘चार मिनिटांची मनातली भिंत त्याने मोडली’ असं आपल्याला सांगतात. त्या दिवशी पहिल्या दोन फेऱ्या त्याच्यापुढे क्रिस ब्रॅशर पळाला आणि नंतर क्रिस चॅटवेने वेग धरून ठेवला, हे भाषणातून गळतं. सात आठवड्यांच्या आत फिनलंडमधल्या तुर्कू इथे जॉन लँडीने ३:५८.० नोंदवले. ‘भिंत पडल्यावर सगळे आत आले’ असं याचं वर्णन करतात. पण तुर्कूच्या शर्यतीत लँडीच्या मागे लागलेला धावपटूही चॅटवेच होता. दोन्ही ऐतिहासिक धावांत तोच माणूस हजर आहे, आणि मैलाच्या त्या विक्रमांत त्याचं नाव नाही. ब्रॅशर पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं सुवर्णपदक जिंकला.

आपल्याकडची सगळ्यात सुंदर साक्ष मात्र दोन बाईमाणसांची आहे. रायबरेलीच्या सुधा सिंगने २०१० च्या आशियाई स्पर्धेत महिलांची स्टीपलचेस ९:५५.६७ मध्ये जिंकली. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर लांब पल्ल्याकडून या शर्यतीकडे आली. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत ललिताला ९:३५.३७ ने कांस्य मिळालं, सुधा ९:३५.६४ ने चौथी. फरक ०.२७ सेकंदांचा. एप्रिल २०१६ मध्ये ललिताने राष्ट्रीय विक्रम ९:२७.०९ केला, मे महिन्यात शांघायला सुधाने तो ९:२६.५५ वर नेला, ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या हीटमध्ये ललिताने ९:१९.७६ नोंदवून अंतिम फेरी गाठली आणि तिथे ती दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. सहा वर्षांत भारतीय महिलांची ही शर्यत जवळपास ३६ सेकंदांनी पुढे गेली. यातले किती सेकंद सुधाचे आणि किती ललिताचे, हे वेगळं काढता येईल का? मला तरी नाही काढता येत.

उलट बाजूही पाहा. श्रीराम सिंग यांनी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम फेरीत पहिली फेरी पुढे राहून काढली आणि १:४५.७७ मध्ये सातवे आले. क्यूबाच्या अल्बर्टो ह्वान्तोरेनाने ती शर्यत विश्वविक्रमाने जिंकली. श्रीराम सिंगांचा तो आकडा भारतात ४२ वर्षं टिकला. मॅरेथॉनमधला शिवनाथ सिंग यांचा १९७८ चा २ तास १२ मिनिटांचा विक्रम तर त्याहूनही जास्त टिकला. या चार दशकांत आपल्याकडे जिद्दीची पोरं नव्हती? होती. पहाटे उठून स्वतःशी स्पर्धा करणारे हजारो होते. त्यांच्याजवळ पळणारं कुणी नव्हतं.

४. आक्षेप

“भुवनेश्वरला साबळे एकटाच होता की!”

हा आक्षेप योग्य आहे. २०१८ ची ती धाव कुणा परदेशी धावपटूच्या पाठीमागून झाली नाही. पण तो कशाच्या मागे लागला होता? ८:३०.८८ च्या. हा आकडा सैनींनी साबळेच्या जन्माच्या १३ वर्षं आधी नोंदवला होता. विक्रम म्हणजे गैरहजर प्रतिस्पर्धी. त्याचं मैदान, त्याचा काळ वेगळा, पण अडथळे तेवढेच २८ आणि पाणी तेवढंच सात वेळा. पहिल्या मुद्द्यातलं सामायिक माप इथे कामाला येतं. सैनींची वेळ त्यांच्या खासगी वहीत असती, तर साबळेला तिचा पाठलाग करता आला नसता.

“शेवटच्या येणाऱ्या मुलाचं काय?”

हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण ‘स्वतःशी स्पर्धा’ हे वाक्य बहुतेक वेळा त्याच्यासाठीच उच्चारलं जातं. तेरा वर्षांचं पोरगं ८०० मीटरला दीडशे मीटर मागे पडतं, मैदान रिकामं झाल्यावर धापा टाकत पोचतं, आणि आपण त्याला सांगतो की तुझी स्पर्धा स्वतःशी आहे. त्याला त्यातून काय ऐकू येतं? ‘या शर्यतीत तुझं काही काम नाही.’ मुलं हे अचूक ऐकतात. दिलासा म्हणून दिलेलं वाक्य त्याला मैदानाबाहेर नेऊन बसवतं.

चूक त्याच्या आणि पहिल्या आलेल्या मुलाच्या शर्यतीची आहे. दोघांचं वय एक म्हणून आपण त्यांना एका रेषेवर उभं केलं. त्याच्या वेळेच्या आसपास पळणारी सातआठ पोरं शेजारच्या तालुक्यांत आहेत. त्यांच्यात तो तिसरा येईल, पुढच्या वेळी दुसरा येण्यासाठी मरमर मरेल आणि त्या भरात आपली वेळ दहा सेकंदांनी उतरवेल. कमकुवत खेळाडूला स्पर्धेपासून वाचवण्याची गरज नाही, त्याला त्याच्या जोडीची स्पर्धा मिळवून देण्याची गरज आहे.

“इतरांकडे बघायला लागलं की माणूस उत्तेजकांच्या आणि खोट्या दाखल्यांच्या वाटेला लागतो.”

उत्तेजकांचा प्रश्न आपल्या देशात फार मोठा आहे आणि त्याबद्दल हळू आवाजात बोलण्याचे दिवस गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत उत्तेजक चाचणीचे अधिकारी आल्याची खबर पसरली आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू ट्रॅकवर उतरला. बाकीच्या लेन रिकाम्या. त्या पोराने एकट्याने १०० मीटर पळून काढले. ज्याने काही चूक केली नव्हती, त्याची शर्यत इतरांनी हिरावून घेतली. त्या एका दृश्यात माझा सगळा युक्तिवाद आहे.

औषध घेणारा प्रतिस्पर्ध्याकडे बघून बिघडतो हे अर्धं कारण आहे. आपल्याकडे एका प्रमाणपत्रावर वाढीव गुण, नोकरीतलं आरक्षण, पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं असतं. वर्षातून एक स्पर्धा, एक दिवस, एक क्रमांक. अशा वेळी सुई टोचून घेणं हा सोपा व्यवहार वाटतो. वर्षातून वीस शर्यती त्याच दहा जणांबरोबर पळणाऱ्याला लबाडी लपवणं अवघड जातं, कारण मागच्या महिन्यात आपल्याबरोबर असलेला पोरगा एकदम आठ सेकंद पुढे कसा गेला, हे त्या दहा जणांना सगळ्यांच्या आधी कळतं. लबाडी एकांतात वाढते. दाट, नियमित, ओळखीच्या स्पर्धेत तिला जागा कमी मिळते.

“मग तुम्हीही पदकाचेच भक्त!”

नाही. पदक आणि वेळ यांची मोजणी वेगवेगळी आहे, आणि कधी कधी दोन्ही सुधारणेबद्दल काहीच सांगत नाहीत. २०२२ च्या युजीन जागतिक स्पर्धेत स्टीपलचेसची अंतिम फेरी इतकी संथ झाली की मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने ती ८:२५.१३ मध्ये जिंकली, साबळे ८:३१.७५ ने अकरावा आला. त्याआधीच्या महिन्यात त्याने रबातला ८:१२.४८ नोंदवले होते. महिन्याभरात तो १९ सेकंदांनी बिघडला होता का? मुळीच नाही. शर्यत वेगळ्या जातीची होती. अशा वेळी आकड्याला धरून बसणारा खेळाडू उगाच खचतो.

उंच उडी हे याहून स्पष्ट दाखवते. तिथे जिंकणाऱ्याचीही स्पर्धा बहुतेक वेळा तीन अपयशी उड्यांनी संपते. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे लहानपणी मक्याचा भुसा भरून केलेल्या गादीवर उड्या मारायचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो २.१५ मीटरपुढे गेला नाही. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत त्याने २.२८ मीटर पार केले, सहावा आला, आणि ही त्याची तोवरची सर्वोच्च उडी ठरली. ती त्याने घरच्या स्पर्धेत मारली नाही. आजूबाजूला त्याच उंचीवर झेपावणारे जगातले उत्तम उडीपटू होते, त्या रात्री मारली.

५. तर मग करायचं काय

ब्रिटनमध्ये १९६३ साली ब्रिटिश मायलर्स क्लब सुरू झाला. त्यांची मुख्य रीत साधी: शर्यती वयानुसार किंवा शाळेनुसार न लावता वेळेनुसार लावायच्या. ज्यांची १५०० मीटरची वेळ ४:३० च्या आसपास आहे ते एका शर्यतीत, ४:१५ वाले दुसऱ्या. वेग धरायला एक पेसर. प्रत्येक शर्यतीत प्रत्येकाला आपल्या जोडीचं कुणीतरी मिळतं.

आपल्याकडे हे करायला पैसा कमी लागतो आणि माणसं तयार आहेत. कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाच वाजता बाहेर पडा, डांबरी रस्त्यावर भरतीची पोरं दिसतील. पोलिस भरतीचे १६०० मीटर त्यांना मारायचे असतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, तरी ती घोळक्याने पळतात. सगळ्यात वेगवान पोरगा पुढे, एकाच्या हातात मोबाइलचं घड्याळ, मागे पडणाऱ्याला ओरडून वर ओढणं चाललेलं. या पोरांना माझा मुद्दा केव्हाच कळलेला आहे. भरती झाली किंवा वय उलटलं की त्यातली बहुतेक पळणं सोडतात, कारण भरतीनंतर त्यांना पळायला बोलावणारी एकही शर्यत तालुक्यात नसते.

चाळिशी ओलांडलेल्या धावणाऱ्यांनाही हे लागू आहे. त्यांना ‘स्वतःशी स्पर्धा कर’ म्हणणं म्हणजे पंचविशीतल्या स्वतःकडून रोज हरायला सांगणं. त्यांना आपल्या वयाचे, आपल्या वेळेचे चार सोबती मिळाले तर सत्तरीपर्यंत पळायला कारण उरतं.

जिल्हा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना आणि शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुमच्या मैदानावर एक १५०० मीटरची शर्यत लावा. आधी टेप घेऊन मैदान नीट मोजा, फक्की मारा, प्रत्येक घड्याळामागे दोन माणसं ठेवा. उद्घाटन नको, पाहुणे नकोत, ट्रॉफीही नको. आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ एका वहीत लिहा, आणि पुढच्या महिन्यात ती वही उघडून जवळजवळच्या वेळेची आठ-आठ पोरं एका रेषेवर उभी करा.